बिननावाची दुनळी

आमच्या घरात बंदूक होती, पण ती माझी नव्हती. परवाना कारभारणीच्या नावावर, बंदूक कारभारणीच्या माहेरची, आणि बार काढायची तीच. मी गोठ्यात कानात बोटं घालून उभा असायचो. नवीन माणूस मला 'बंदूकवाले' म्हणायचा, मग गावातली जुनी माणसं त्याला दुरुस्त करायची, "बंदूकवालीचा नवरा म्हणा." म्हणू देत. रानडुकरं मला बघून पळत नव्हती, तिला बघून पळत होती. खोटं कशाला बोलू.

दुनळी होती. दोन नळ्या शेजारीशेजारी, मागं दोन घोडे, करडाच्या कानासारखे उभे. सासरा करकंबचा. त्याला पोरगा नव्हता, ही एकटीच पोर. पीक राखायच्या परवान्यावर असलेली बंदूक त्यानं हातपाय थकल्यावर तिच्या नावावर करून दिली. आमचं रान सांगोल्याच्या अंगाला. आधी ज्वारी होती, मग डाळिंब लावलं. डाळिंब रंगावर आलं की आकाशातलं आणि जमिनीवरचं सगळं गणगोत जेवायला यायचं. पहिल्यांदा तिनं आमच्या बांधावर उभं राहून हवेत बार काढला तेव्हा धक्क्यानं ती मागं पाटात पडली, लुगड्यासकट. मी बैलगाडीखाली. ती चिखलातनं उठली ती हसतच, आणि मी गाडीखालनं बाहेर येईपर्यंत हसत राहिली. मी बाहेर यायला जरा वेळ लावला.

पण आमचं भांडण आवाजावरून नव्हतं. बंदूक कुणी केली यावरून होतं.

ती म्हणायची विलायती आहे. तिच्या आज्यानं भीमेच्या पुरातनं एका गोऱ्या सायबाला खांद्यावर घेऊन पलीकडं नेलं, म्हणून सायबानं खूश होऊन दिली. मी म्हणायचो, आपल्या भागात ज्याच्या घरी जुनी वस्तू आहे त्याच्या आज्यानं एक सायब भीमेतनं नेलेला आहे. सायबांना दुसरा धंदा नव्हता काय, का रोज आंघोळीला उतरून बुडायचे? मी म्हणायचो, ही गावठी आहे, कुठल्यातरी लोहारानं नांगराच्या फाळातनं केलेली. आणि शेवटी माझा हुकमाचा पत्ता टाकायचो: विलायती असती तर नाव असतं. कंपनी नाव टाकल्याशिवाय टाचणी विकत नाही. दाखव नाव.

नाव नव्हतंच. वर नाही, खाली नाही, बाजूला नाही. ती बंदूक फिरवून फिरवून बघायची आणि म्हणायची, "मोठ्या माणसाच्या दाराला पाटी लागत न्हाय."

निवडणूक आली की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लागतात. ओळीत मिशीवाले सगळे आणि मधे ही एकटी बाई. हवालदार खुर्ची द्यायचा. ही बसायची आणि सांगायची, विलायती हाय, नीट ठेवा, दुसऱ्यांच्या ढिगात टाकू नका. मी मागं उभा राहून हवालदाराला मान हलवून नाही नाही करायचो. सारी हयात हे चाललं. जेवताना, ऊन खाताना, पोरीच्या लग्नाच्या मांडवातसुद्धा. पाव्हण्यांनी मध्यस्थी करायचं सोडून दिलं होतं.

गेल्या पौषात ती गेली. ताप आला, पंढरपूरला दवाखान्यात नेली, आणि परत आणली ती तशी. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही. चौथीपर्यंत शिकलोय, तेवढ्या शाळेत ते शिकवलं नव्हतं.

मग ठाण्यातनं निरोप आला. परवाना जिच्या नावावर ती नाही, तर बंदूक घरात ठेवता येत नाही. सोलापुरात परवानावाल्या दुकानात जमा करा. पुढं वारस म्हणून स्वतःच्या नावावर मागा, नाहीतर दुकानदार विकून देईल. मी ठरवलं, विकायची. माझ्यानं बार निघणार नव्हता, आणि पोरगी पुण्यात, तिच्या बिल्डिंगीत पाल मारायची चोरी. पण विकायच्या आधी मला एक गोष्ट पक्की करून पाहिजे होती. ही केली कुणी? भांडण अर्ध्यावर टाकून ती गेली होती. एकदा दुनळी दुसऱ्याच्या घरी गेली की मग कुणाला विचारणार? अर्धं भांडण घेऊन एकट्यानं म्हातारपण काढायचं म्हणजे लई वंगाळ.

वाकळेत गुंडाळली, ठाण्याचा कागद वरच्या खिशात घातला आणि एसटीत बसलो. शेजारच्या बाईनं विचारलं, मोटारीचा पाइप का? म्हटलं व्हय. ती म्हणाली, तिच्या दिराचा पाइप असाच फुटला होता, त्याला सायकलची ट्यूब गुंडाळा. सोलापूर येईपर्यंत तिनं मला ट्यूब गुंडाळायची रीत सांगितली. मी वाकळ मांडीवर घेऊन ऐकत होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. कारभारीण असती तर तिनं वाकळ उघडून दाखवली असती आणि गाडी तिथंच रिकामी झाली असती.

दुकानदार माझ्याच वयाचा निघाला. अक्कलकोटकडचा, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं अर्धं मराठी, रागावला की कानडी. स्वतःवर लई खूश माणूस. बंदूक हातात घ्यायच्या आधीच म्हणाला, "पाव्हणं, मी नुसत्या वजनावरनं सांगतो कुठली ते." घेतली, तोलली, उजेडाकडं धरली. मग भिंग काढलं. मग चष्मा बदलला. शेवटी म्हणाला, नाव नाही, नंबर नाही, नळीवर रंगसुद्धा नाही, भांड्यासारखी पांढरी. गावठी माल. लोहाराचं काम.

सारी हयात मी जे म्हणत होतो तेच एका जाणत्या माणसानं अक्षर न बदलता म्हटलं होतं. मी जिंकलो होतो. मी टुणकन उठलो, टाळी वाजवली, आणि वळून बोललोसुद्धा, "ऐकलं का?"

मागं दुकानाचं दार होतं, आणि दारापुढनं रिक्षा चालल्या होत्या.

मी पुन्हा खाली बसलो. दुकानदारानं पाणी दिलं. पाणी प्यालो, आणि मला त्याचा राग आला. एवढा राग मला भाऊवाटणीतसुद्धा आला नव्हता. म्हटलं, "गावठी कशावरनं? नीट बघा की. असे घोडे लोहाराला जमत्यात व्हय?" तो म्हणाला, आत्ता तर टाळ्या वाजवत होता. म्हटलं, ते वेगळं. मी म्हणलो तर चालतंय, तुमी न्हाय म्हणायचं. आणि मग मी त्याला सायब सांगितला, भीमेचा पूर सांगितला, तिचा आजा कसा पट्टीचा पोहणारा होता ते सांगितलं. सगळं तिच्याच शब्दांत. आजा पोहणारा होता हे मी आजवर एकदाही कबूल केलं नव्हतं.

दुकानदाराला मजा वाटायला लागली. त्यानं पुन्हा भिंग घेतलं आणि दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर धरलं. नाव असलंच तर तिथं असतं, म्हणाला. पट्टी आरशासारखी गुळगुळीत होती. त्यानं बोट फिरवलं आणि माझ्याकडं वाकडं बघितलं.

"पाव्हणं, हितं नाव होतं. घासून काढलंय. चोरीचा माल असला की असं घासत्यात."

आता बघा, मघाशी सासरा गावठी होता तोवर ठीक होतं, आता तो चोर झाला. मी भांडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण मला खंडेनवमी आठवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं सगळी अवजारं धुऊन पुजतात. खुरपं, विळा, कुऱ्हाड, पहार, आणि आता स्प्रेपंपसुद्धा. ज्याच्यावर पोट भरतं ते त्या दिवशी लख्ख दिसलं पाहिजे. कारभारीण पहाटेच अंगणात ठाण मांडायची. एका बाजूला तांब्याचा हंडा, एका बाजूला समई, मांडीवर दुनळी. चिंचेचा कोळ आणि विटकरीची पूड. आधी हंडा घासायची, मग समई, आणि त्याच हातानं, त्याच चोथ्यानं, त्याच जोरानं बंदूक. वरची पट्टी तर अशी घासायची की तिच्यात बघून कुंकू लावता यावं. लावायचीच. दरसाल. लग्नानंतर एकही खंडेनवमी चुकवली नव्हती. आणि लग्नाआधी करकंबला तिच्या आईनं हेच केलं असणार, नाहीतर तिला ते शिकवलं कुणी?

मी दुकानदाराला सांगितलं की चोरी नाही, चिंच आहे.

त्याला कळेना. मी हातानं करून दाखवलं. तो बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हात कपाळावर मारले, अय्यय्यो म्हणाला, आणि काउंटरवर डोकं टेकून हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता कानडीत काहीतरी म्हणाला, आणि मीपण सुटलो. दोन म्हातारे, मधे बंदूक, आणि दोघांच्या डोळ्यांना पाणी. बाहेरून एक गिऱ्हाईक डोकावलं आणि तसंच निघून गेलं. मला हसू कशाचं येत होतं सांगू का? मी सारी हयात 'नाव दाखव, नाव दाखव' म्हणत तिला हरवत होतो, आणि नाव ती दरसाल माझ्यासमोर घासत होती, आणि मी शेजारी बसून तिला चिंच भिजवून देत होतो.

हसणं ओसरल्यावर दुकानदाराला हट्ट चढला. म्हणाला, वरचं गेलं तर गेलं, पोटातलं बघू. नळ्यांच्या खाली जे लाकूड असतं, पुढचा हात धरायचं, ते काढलं की नळ्या सुट्या होतात आणि त्यांच्या पोटाला शिक्के असतात. पण लाकूड निघेना. ओढलं, ठोकलं, लाकडी हातोडीनं मागनं टकटक केलं. म्हणाला, हे जन्मात कुणी काढलेलं दिसत नाही. मी म्हटलं, तेल घाला. त्यानं मशीनचं तेल आणलं. मी म्हटलं, ते नव्हे, आमच्या घरात शेंगतेल लावत होते, तिला तेच ओळखीचं. तो म्हणाला, बंदुकीला ओळख असते का? मी म्हटलं, घालून तर बघा. समोरच्या भज्याच्या गाड्यावरनं वाटीत शेंगतेल आलं, तेपण गरम. दोघांनी मिळून जोड भिजवला, वर चहा प्यालो, आणि चहा संपता संपता लाकूड सुटलं.

आत सगळं लाल होतं.

दुकानदार म्हणाला, संपलं, गंज खाऊन गेलाय. आणि तारेचा ब्रश उचलला. मी त्याचं मनगट धरलं. म्हटलं, "थांबा मालक. गंज न्हाय त्यो. कुंकू हाय."

घासून झाल्यावर ती बंदुकीला तेलाचं बोट ओढायची, वर हळद, वर कुंकू, पाचही बोटांनी, सढळ. दरसाल ते तेलात कालवून फटीतनं आत उतरत गेलं होतं आणि लाकडाखाली नळ्यांच्या पोटाशी जाऊन बसलं होतं. वाळून कडक, पापुद्र्यासारखं. दुकानदारानं ब्रश ठेवला आणि धोतराचं मऊ फडकं घेतलं. वरवरचं कुंकू निघालं, पण शिक्क्यांच्या खाचांत गेलेलं तसंच राहिलं. आतल्या काळपट लोखंडावर लाल अक्षरं, भटजीनं शाईनं काढावीत तशी सुबक. भिंग लागलंच नाही.

अंड्यासारखं एक रिंगण, वर बारका मुकुट, आत तीन इंग्रजी अक्षरं. आणि जरा बाजूला, एकटीच, आणखी दोन अक्षरं.

 दुकानदारानं मोबाइलवर फोटो काढून कोल्हापूरला त्याच्या एका दोस्ताला पाठवला. त्या दोस्ताला जुन्या बंदुकांचा नाद. फोन आला तो मोठ्या आवाजात, म्हणून मलाही ऐकू आला. तो म्हणाला, ही बेल्जियमची. अंड्यातली अक्षरं म्हणजे तिथल्या ज्या गावात बंदुका होतात, त्या गावच्या तपासणीचा शिक्का. वर मुकुट आहे म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांची धरा.

मी विचारलं, "आरसा बेल्जमचा असतोय, त्योच बेल्जम?"

"त्योच," दुकानदार म्हणाला.

म्हणजे ती जिंकली होती. सायब इंग्रज नसेल, बेल्जमचा असेल, का मुंबईत कुणाकडनं विकत घेतलेली असेल, ते सायबाला माहीत. पण नांगराचा फाळ नव्हता. मी फोनवरच्या माणसाला विचारलं की वरच्या पट्टीवर कंपनीचं नाव काय असेल. त्यानं सांगितलं ते मला लगेच समजलं. तिथं एक कंपनी सगळी बंदूक करत नव्हती. घराघरात कामं वाटलेली. एका घरात नळ्या, एका घरात घोडे, एका घरात चाप. मग व्यापारी सगळं गोळा करून जोडायचा आणि वर त्याचं किंवा दुकानाचं नाव टाकायचा. दुष्काळात मी सोलापुरात मागावर काम केलं होतं. ज्यांच्या घरी होतो ते घरात तेलुगू बोलणारे. एका घरात सूत रंगायचं, दुसऱ्या घरात ताणा व्हायचा, तिसऱ्या घरात चादर विणायची, आणि लेबल लागायचं पेठेतल्या व्यापाऱ्याचं. मी विणलेल्या चादरीवर कुणी माझं नाव बघितलंय?

मग ती दोन अक्षरं? ती नळ्या करणाऱ्याची, फोनवरचा म्हणाला. कोण होता ते सांगता येणार नाही, पण करणारा तोच.

म्हणजे बाईनं चिंचेनं पुसलं ते विकणाऱ्याचं नाव, आणि ज्यानं केली त्याचं कुंकवात जपून ठेवलं. मुद्दाम नव्हे. तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी दुकानात उभ्याउभ्या दोनदा गिरकी घेतली. या वयात गिरकी घेऊ नये, काउंटर धरायला लागतो.

दुकानदार जमा पावती लिहायला बसला. मालाचं वर्णन लिहिता लिहिता सवयीनं म्हणाला, दुनळी, जुनी, नाव नाही, गावठी लिहितो, म्हणजे ठाण्यात कुणी जास्त विचारणार नाही. मी त्याचा पेन धरला. म्हटलं, बेल्जम लिहा. तो म्हणाला, बेल्जम लिहिलं तर दहा प्रश्न येतील. म्हटलं, वीस येऊ देत, मला काय काम हाय? तो कानडीत इल्ला इल्ला म्हणत होता, मी मराठीत न्हाय न्हाय म्हणत होतो. शेवटी त्यानं बेल्जियम लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यानं पुन्हा वाचलं.

बंदूक परत जोडताना त्यानं सहज दस्त्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, हे मागचं लाकूड मात्र तिकडचं नव्हे. बाभूळ आहे. मूळचं मोडलं असणार, आपल्याकडच्या सुतारानं बसवलंय. आणि मग विचारलं, विकायची ना? मी म्हटलं, राहू दे थोडे दिवस तुमच्याकडं, माझ्या नावावर मागून बघतो. तो म्हणाला, बार तुमी काढणार? म्हटलं, ते बघू. पुजायला काय बार लागतोय?

बाहेर येऊन पोरीला फोन लावला. म्हटलं, तुझी आई बरोबर होती, बंदूक विलायती निघाली.  ती म्हणाली, "आबा, थांबा, फोन स्पीकरवर टाकते. आता म्हणा." जावई, नातवंडं, कामाला येणारी बाई, सगळ्यांना गोळा केलं आणि माझ्याकडनं तेच वदवून घेतलं. आईवर गेलीय पोरगी. मग हसता हसता तिचा आवाज बदलला, म्हणून मी म्हटलं गाडी आली, आणि फोन ठेवला. गाडी आली नव्हती.

स्टँडवर बाकड्यावर बसलो तर पुन्हा हसू फुटलं. मांडीवर रिकामी वाकळ. शेजारी मंगळवेढ्याकडचा एक माणूस बसला होता. त्यानं विचारलं, आजोबा, काय झालं?

म्हटलं, "हरलो."

"कुणाबरोबर?"

"बायकोबरोबर. भांडणात."

तो म्हणाला, त्यात नवीन काय, आमी रोज हरतोय. घरी जाऊन कबूल करा, भांडण मिटतंय.

म्हटलं, "मिटवायचं कशाला? दस्ता देशी हाय की."